सहा जणांच्या बाकावर एकटी

घडीमावशीला चर्चमध्ये परत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ती आणि मी एकाच लाँड्रीत कामाला होतो. आमचे नवे पाळक वयाने लहान, उत्साह मात्र दांडगा. आल्या आल्या त्यांनी एक वही उघडली आणि गेल्या दोन वर्षांत कोण कोण उपासनेला यायचं थांबलं त्याची यादी काढली. एकवीस जण निघाले. त्यात काही जण दुसरीकडे राहायला गेलेले, काही रविवारी दहापर्यंत लोळणारे, आणि दोघं तर मेलेले. मी म्हटलं, साहेब, या दोघांना आणायला तुम्हालाच जावं लागेल. पंचांच्या बैठकीत कुणी हसलं नाही. आम्ही पाच पंच, मंडळीने निवडून दिलेले, आणि बाकीच्या चौघांना हसण्याचं वावडं आहे.

यादीत घडीमावशीचं नाव आलं तशी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाळक म्हणाले, तुम्हाला तर त्या रोज भेटतात, तुम्हीच बोला. मी मान डोलावली आणि घोटभर पाणी प्यालो. ती का येईनाशी झाली हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. तिला मीच घालवलं होतं, आणि हे तोंडातून काढायची माझी हिंमत झाली नाही.

इस्पितळाच्या तळघरात आमची लाँड्री. एका बाजूला धुलाईची चार मोठी यंत्रं, मध्ये वाळवायचे पिंप, पुढे रोलरची इस्त्री, आणि शेवटी भिंतीला लागून एक लांब टेबल, ते मावशीचं. दाराच्या पलीकडे बॉयलर, तो माझा. त्याच्या वाफेवर सगळं चालतं, म्हणून वाफ जरा कमी पडली की सगळे मलाच शिव्या घालतात. लाँड्रीत मला बॉयलर म्हणूनच हाक मारतात. मी बॉयलर सांभाळतो म्हणून म्हणतात, असं मी धरून चालतो. माझी बायको म्हणते, दुसरंही कारण आहे.

मावशी एकोणिसाव्या वर्षी तिथे लागली आणि साठाव्या वर्षापर्यंत तिने चादरींच्या घड्या घातल्या. हे काम सोपं वाटतं, पण करून बघा. चादर रोलरमधून कढत बाहेर येते. दोघांनी दोन टोकं धरायची, झटका द्यायचा, कोपऱ्याला कोपरा मिळवायचा, मग एकाने चालत दुसऱ्याकडे जाऊन आपली टोकं त्याच्या हातात द्यायची, वाकून नवी घडी धरायची आणि पुन्हा मागे सरायचं. वीस चादरींचा एक गठ्ठा, वर वॉर्डाची पट्टी. चादर कुठे विरली असेल तर मावशीच्या बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना नंतर. सुट्टीवर कुणी गेलं की दुसरं टोक धरायला ती मला हाक मारायची. मी वाकडी घडी घातली की ती काही बोलायची नाही, नुसती चादर उलगडून पुन्हा माझ्या हातात द्यायची. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

उघडं पडलेलं काही तिला बघवायचं नाही. बसचं तिकीट, औषधाची चिठ्ठी, पाव गुंडाळून आलेला कागद, सगळ्याची घडी. एकदा इस्पितळाचे मोठे डॉक्टर पाहणी करायला खाली उतरले होते. त्यांच्या हातात चुरगळलेला रुमाल होता. मावशीने तो सरळ काढून घेतला, टेबलावर हाताने सारखा केला, घडी घातली आणि परत दिला. डॉक्टर थँक्यू म्हणाले. आम्ही बॉयलरमागे जाऊन पोट धरधरून हसलो. घडीमावशी हे नाव तेव्हापासून पडलं.

नवरा लवकर गेला तिचा. मुलगा चार वर्षांचा होता. त्याला तिने त्या टेबलाखाली चादरींच्या गठ्ठ्यांवर झोपवून वाढवलं म्हटलं तरी चालेल. तो मोठा झाला, पाव-बिस्किटांच्या कारखान्याची गाडी चालवायला लागला. सरळ मुलगा. चर्चमध्ये आईशेजारी बसायचा, तिसऱ्या बाकावर खिडकीच्या बाजूला, आणि प्रवचन लांबलं की आईच्या खांद्यावर बिनधास्त डुलक्या घ्यायचा. मावशी हलायची नाही, उलट खांदा जरा खाली करायची.

चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात त्या बाई शाळेत शिकवतात, त्यांचे यजमानही शाळेतच मास्तर होते. बाई आणि मावशी यांचं गूळपीठ. उपासना संपली की दोघी पायऱ्यांवर बसायच्या आणि अर्धा तास एकमेकींचं बोलणं तोडत राहायच्या. मास्तर बिचारे खाली उभे राहून घड्याळ बघायचे. मावशीच्या मुलाला मास्तरांनी शाळेत गणित शिकवलं होतं. त्याला गणित आलं नाही, पण मास्तरांबद्दलची माया राहिली.

त्या दिवशी भरदुपारी मास्तर रस्त्यात उभे होते, मुलाची गाडी आली, त्याने त्यांना बसवून घेतलं. पुलाच्या अलीकडच्या वळणावर गाडी कठड्यावर गेली आणि खाली कोसळली. दोघंही गेले. मुलाने लागोपाठ दोन पाळ्या केल्या होत्या, गाडी चालवता चालवता त्याचा डोळा लागला, असं चौकशीत निघालं. प्यायलेला होता असं काही जण आधी बोलले, त्यांची तोंडं नंतर बंद झाली, पण बोललेलं काही पुसता येत नाही. एकाच दिवशी एकाच चर्चमध्ये दोन शवपेट्या आल्या, सकाळी एक आणि दुपारी एक. मी दोन्हींना खांदा दिला.

पुढच्या रविवारी मावशी आली. एकटीच आली आणि तिसऱ्या बाकावर बसली. त्याआधी मी पंचांना म्हटलं होतं की तिला जरा मोकळं बसू द्या, रडायला जागा हवी माणसाला, कुणी चिकटून बसू नका. मनात काही वाईट नव्हतं हो. आमची मंडळी एरवी सांगितलेलं एक ऐकत नाही, हे मात्र सगळ्यांनी ऐकलं. इतकं ऐकलं की त्या बाकावर कुणी बसेचना. सहा माणसांचा बाक आणि त्यावर एक बाई. पुढचे मागचे बाक खच्चून भरलेले, लोक भिंतीला टेकून उभे, पण तिसऱ्या बाकाकडे कुणी फिरकलं नाही. असे चार रविवार गेले. मला वाटायचं, केवढी समजूतदार मंडळी आहे आमची.

मग प्रभुभोजनाचा रविवार आला, महिन्याचा पहिला. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून त्या दिवशी सगळे एकाच ताटातली भाकरी खातात. इथे आमची एक रीत सांगायला हवी. आमच्या चर्चमध्ये भाकरीचा तुकडा कुणी आपल्या हाताने उचलून घेत नाही. शेजाऱ्याने ताट आपल्यापुढे धरायचं, "तुझ्यासाठी" म्हणायचं, मग आपण घ्यायचं, आणि तेच ताट पुढच्यासाठी धरायचं. असं ताट बाकावरून बाकावर मागे जातं. सगळ्यात शेवटच्या बाकावरचा शेवटचा माणूस ते घेऊन पुढे ऑर्गनपाशी जातो, कारण बाईंना जागा सोडता येत नाही, आणि शेवटचा तुकडा त्यांना देतो. मधल्या वाटेने एक पंच ताटाबरोबर चालतो. मध्ये कुठे माणूस नसेल तर ताट त्याने धरायचं. त्या रविवारी मी चालत होतो.

तिसऱ्या बाकापाशी ताट माझ्या हातात आलं. तिच्या शेजारी कुणी नव्हतं, म्हणजे मी आत जाऊन तिच्यापुढे ताट धरायचं आणि "तुझ्यासाठी" म्हणायचं. एवढंच. मी बाकाशी वाकलो आणि तिने मान वर केली. तिचे डोळे बघितले आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिच्या मुलाला मी टेबलाखाली रांगताना पाहिलेलं. मी ताट तिच्या शेजारी बाकावर ठेवलं, वळलो आणि खिडकीतून बाहेर बघत उभा राहिलो. थोड्या वेळाने वळून पाहिलं तर तिने आपल्या हाताने तुकडा उचलला होता. तेच ताट मी घेतलं आणि पुढे गेलो.

त्यानंतर ती आली नाही. वर्ष उलटलं, वर चार महिने झाले.

लाँड्रीत ती रोज असायची. काम तेच, घडी तीच. माझ्याशी बोलायची, वाफ कमी आहे रे, आज तुझं तोंड का सुजलंय, बायकोने मारलं का, असलं काहीबाही. चर्चचं मात्र कधी नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. आपलं झाकलेलं बरं, असा माझा हिशेब होता.

पाळकांनी कार्डं छापून घेतली होती. वर कबुतर आणि खाली "आम्हाला तुमची आठवण येते". त्यांनी मावशीसाठी एक माझ्या हातात दिलं. मी दोन दिवस खिशात वागवलं, तिसऱ्या दिवशी टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, पाळकांनी दिलंय. तिने वाचलं. मग त्याची घडी घातली, आणखी एक घातली, आणखी एक, आणि टेबलाचा एक पाय डुगडुगत होता त्याखाली सारली. टेबल स्थिर झालं. म्हणाली, पाळकांना सांग, फार उपयोग झाला.

मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, अहो, कबुतर पाठवून काय होणार, तुम्ही काय केलंत ते सांगितलंत का तिला? बायकोला मी त्याच रविवारी सगळं सांगितलेलं. मी म्हटलं, कसं सांगू. ती म्हणाली, सगळ्या गावाशी भांडताना तुमची जीभ तरातरा चालते, मग इथेच का लुळी पडते? मी भडकलो, ताट सरकवलं, दार आपटलं. बॉयलर म्हणतात ते उगाच नाही. बाहेर उभा राहिलो आणि मला माझी लाज वाटली.

तरी मी सरळ मुद्द्यावर आलो नाही. आधी आडून आडून सुरुवात केली. मावशी, नवे पाळक बरे आहेत गं, प्रवचन आटोपशीर असतं. मावशी म्हणाली, गुडघे दुखतात, पायऱ्या चढवत नाहीत. मी म्हटलं, पायऱ्या चारच आहेत, इथल्या तळघराच्या बावीस तू रोज उतरतेस. तर म्हणाली, उतरते ना, आणि चढतेही, पण त्याचा मला इथे पगार मिळतो. मग एक दिवस विचारलं, घरी प्रार्थना तरी करतेस का?  म्हणाली, रविवारी दहा वाजता आपोआप बसते, गीतांचं पुस्तक उघडते आणि गायला लागते, पण एकटीला चाल धरता येत नाही, मध्येच कुठेतरी हरवते आणि मग नुसतीच बसून राहते. एवढं बोलून तिने गठ्ठा बांधायला घेतला.

ते ऐकलं आणि मला आमच्या बैठका आठवल्या. चर्च सोडून गेलेल्यांबद्दल आम्ही पंच बैठकीत काय काय बोलतो. विश्वास कमी पडला, जगाची ओढ लागली, मन कठीण झालं. इथे एक बाई दर रविवारी दहा वाजता आपल्या खोलीत गायला बसत होती आणि चाल हरवून उठत होती, आणि आम्ही तिच्या नावापुढे वहीत फुली मारत होतो. मला माझाच राग आला. यावेळी तो दुसऱ्या कुणावर काढता येत नव्हता.

त्यातच कळलं की ती महिनाअखेर निवृत्त होणार आणि लगेच बहिणीकडे राहायला जाणार, दूर, दिवसभराच्या बसच्या प्रवासावर. तिथे ती कुठल्या चर्चची पायरी चढणार नव्हती हे मला दिसत होतं. आमच्यामुळे सुटलेलं, दुसरीकडे कसं जुळणार? माझ्या हातात तीन आठवडे होते. दोन मी घाबरण्यात घालवले.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या जोडीची बाई आजारी पडली आणि मावशीने मला दुसरं टोक धरायला बोलावलं. चादर गरम होती. आम्ही झटका दिला, कोपरे मिळवले, आणि टोकं तिच्या हातात द्यायला मी पुढे चाललो. तिथेच बोललो.

"मावशी, त्या रविवारी ताट मी खाली ठेवलं ना, ते तुला हलकं लेखून नाही. मला तुझ्याकडे बघवेना, म्हणून ठेवलं. भेकड आहे मी."

तिने टोकं हातात घेतली नाहीत. मी तशीच धरून उभा राहिलो.

"आणि बाक?" तिने विचारलं.

मी सांगितलं, बाक मोकळा ठेवायला मीच लोकांना सांगितलं होतं, तुला रडायला जागा हवी म्हणून.

 ती ओरडेल असं वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सहा माणसांच्या जागेत एकटीने किती रडायचं रे," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला कळलंय."

काय कळलंय, मी विचारलं. मग तिने सांगितलं. त्या सकाळी मुलगा रात्रपाळी करून येऊन झोपला होता. कारखान्यातून निरोप आला की दुसरा ड्रायव्हर आला नाही, तूच ये. मुलगा म्हणाला, आई, मला उठवू नको, माझ्याने होणार नाही. मावशीला वाटलं, पोराची नोकरी जाईल. तिने त्याला हलवून हलवून उठवलं, तोंडावर पाणी मारलं, हातात डबा दिला. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आणि चर्चमध्ये बाक मोकळा पडलेला बघून, ताट खाली ठेवलेलं बघून तिला वाटलं की कुठून तरी सगळ्यांना कळलंय, आणि मंडळीने आपला निकाल दिलाय. तो निकाल तिला पटला होता. म्हणून ती भांडली नाही, नुसती यायची थांबली.

 मी म्हटलं, कुठलीही आई तेच करेल, पोटापाण्यासाठी माणूस पोराला उठवतोच, यात तुझा काय गुन्हा. खरंच मला तसं वाटतं. तिने मान हलवली, पण ती मान हो म्हणणारी नव्हती. मग तिने मला विचारलं, सगळ्यांनी मायेनेच बाक सोडला होता का, आणि बाई माझ्याशी पायऱ्यांवर बसेनाशा झाल्या, तेसुद्धा?

इथे खोटं बोलणं फार सोपं होतं. ते माझ्या जिभेवर आलंच होतं.

"बाईंना मला सांगावं लागलं नाही," मी म्हटलं. "त्या तुझ्याकडे बघत नव्हत्या ते मनापासून."

यावर तिने माझ्या हातातून टोकं घेतली आणि घडी पुरी केली. म्हणाली, बाईंना हे सांगायला हवं, त्याला उठवलं कुणी ते त्यांना माहीत हवं. मी घाबरलो. मी म्हटलं, मावशी, आता जुनं उकरून काय मिळणार, त्यांचं दुःख आणखी वाढेल, तू नुसती येऊन बस, प्रभुभोजन घे आणि सुखाने बहिणीकडे जा. मी दुसऱ्यांदा भेकडपणा केला हे मला बायकोने सांगितल्यावर कळलं.

चार दिवस मावशी माझ्याशी कामापुरतं बोलली. शुक्रवारी तिचा शेवटचा दिवस. आम्ही तिला एक छत्री दिली, मोठे डॉक्टर दोन शब्द बोलले, तिने छत्रीचं कागदी वेष्टण सोडवून त्याची घडी घातली. निघताना बॉयलरच्या दाराशी आली.

"दहालाच ना अजून?" तिने विचारलं.

मी म्हटलं, दहालाच.

तो रविवार महिन्याचा पहिला होता, प्रभुभोजनाचा, आणि मंगळवारी तिची बस होती. मी पुन्हा कंबर कसली. यावेळी बाक मोकळा राहता कामा नये. पाच जणांना नऊ वाजल्यापासून तिसऱ्या बाकावर आणून बसवलं, मध्ये तिच्यापुरती जागा ठेवली, आणि दम दिला की ती आली की सरकून घ्या, जास्त पुळका दाखवू नका, आणि कुणी रडलं तर माझ्याशी गाठ आहे. पाचही जण शाळेतल्या पोरांसारखे ताठ बसले. दहा वाजले. पहिलं गीत झालं, वाचन झालं, प्रवचन सुरू झालं. ती जागा तशीच. मी दाराकडे बघून बघून मान मोडून घेतली.

पावणेअकराला दार हळूच उघडलं. मावशी आत आली, कामावरचेच कपडे, स्वच्छ धुऊन इस्त्री केलेले. मी तिला खुणेने तिसरा बाक दाखवला. तिने मान हलवली. सगळ्यांसमोरून पुढे चालत जायचं तिच्याने होईना. शेवटच्या बाकावर आमचे दारवान आजोबा बसतात, ते सरकले आणि तिला कडेची जागा दिली. माझा बेत फसला, पण मला त्याचं काही वाटलं नाही. ती आत होती, माणसांच्या उबेत होती, आणि मला तेवढं पुरे होतं.

प्रार्थना झाली, ताट निघालं. बाई ऑर्गनवर हलकं काहीतरी वाजवत होत्या. मी मधल्या वाटेने ताटाबरोबर चालू लागलो. पहिला बाक, दुसरा, तिसरा. तिसऱ्यावर त्या मोकळ्या जागेवरून एकाने हात लांबवून ताट पलीकडे दिलं. चौथा, पाचवा. सातव्या बाकापाशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेवटच्या बाकावरच्या शेवटच्या माणसाने ताट ऑर्गनपाशी न्यायचं असतं. इतकी वर्षं आजोबा न्यायचे. आज कडेला मावशी बसली होती.

मी लगबगीने मागे गेलो. आजोबांनी तोवर तिच्यापुढे ताट धरलं होतं. म्हाताऱ्याचा आवाज अजून खणखणीत आहे. "तुझ्यासाठी," ते म्हणाले. तिने तुकडा घेतला, तोंडात घातला, डोळे मिटले, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळलं. तिने ते पुसलं नाही. मग तिने आजोबांच्या हातातून ताट घेतलं. त्यात एकच तुकडा उरला होता.

मी हात पुढे केला. म्हटलं, दे मावशी, मी नेतो.

"तू नेशील आणि खाली ठेवशील," ती हळूच म्हणाली आणि उठली.

चर्चची ती वाट काही फार लांब नाही, तीस-पस्तीस पावलं. मंडळीने माना वळवल्या नाहीत, पण सगळे ऐकत होते. बाईंच्या समोर ऑर्गनवर एक छोटा आरसा आहे, मागचं दिसावं म्हणून लावलेला. मावशी अर्ध्या वाटेत असेल, तेवढ्यात सूर मध्येच तुटले. बाईंनी हात मांडीवर घेतले.

मावशी त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. ताट पुढे धरलं आणि म्हणाली, "तुमच्यासाठी." बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. हात उचलला नाही. वीस-वीस चादरींचे गठ्ठे उचलणाऱ्या हातांनी मावशीने ते एका तुकड्याचं ताट तसंच धरून ठेवलं. पाळक मध्ये पडायला एक पाऊल पुढे आले. मी मागूनच त्यांच्याकडे असं बघितलं की ते जागीच थांबले.

"त्याला मी उठवलं त्या दिवशी," मावशी म्हणाली. आवाज फार नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. "तो नको म्हणत होता. मी पाणी मारून उठवलं. तुम्हाला कुणाचा राग करायचा असेल तर त्याचा करू नका."

  बाईंनी डावा हात पुढे केला, ताटातला तुकडा घेतला आणि मूठ मिटली. खाल्ला नाही. मावशी जागेवर परत आली नाही. रिकामं ताट छातीशी धरून ती तिथेच ऑर्गनला लागून उभी राहिली, आणि बाईंनी तिला जा म्हटलं नाही.

पाळकांनी शेवटचं गीत सांगितलं. आम्ही उभे राहिलो. बाईंनी ते उजव्या हाताने वाजवलं, नुसती चाल, खालचे सूर नाहीत, आणि आम्ही त्यावर गायलो, मावशीही गायली. चार कडवी झाली. डावी मूठ बाईंनी शेवटपर्यंत उघडली नाही.